बाभळीच्या बुंध्यावरचे घाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निमगाव केतकीचे प्रतिष्ठित बागायतदार माननीय आबासाहेब. ज्यांच्या गौरवासाठी आणि निरोपासाठी आपण सारे जमलो, ते इंदापूर तालुक्याचे सुपुत्र, बोलपटांचे दिग्दर्शक बापूसाहेब. व्यासपीठावरचे आपले हेडमास्तर आणि इतर मान्यवर. बारामतीच्या वाचनालयाचे सभासद. आणि मागे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गुळाचा आडत्या. तात्या उभे राहिले म्हणजे चार गोड शब्द बोलून खाली बसतील, अशा भरवशावर चिटणिसांनी माझं नाव घातलं असावं. पण गुळाच्या ढेपेतही कधी खडा लागतो. आज तो लागणार आहे, तेव्हा दात सांभाळा.

बापूसाहेबांचा बोलपट गेला महिनाभर इथल्या तंबूत चालला. दरोडा, पाठलाग आणि शेवटी एका बाईचा खून. तोही असा हुबेहूब, की पुढं वाळूवर बसलेली माणसं मागच्यांच्या मांडीवर आली. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. हेडमास्तरांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की असले खेळ बंद करावेत आणि ते काढणाऱ्यांना कोर्टात उभं करावं. त्यांचंही चुकत नाही, शाळेतली पोरं हल्ली उसाची कांडकी घेऊन एकमेकांवर दरोडे घालतात. उलट आमचा गेणू शिंपी म्हणतो, “शिमग्यात आमी राक्षेस हुतो, म्हून काय वरीसभर मानसं खातो व्हय?” माळवं विकणाऱ्या कुशाबाईंना मी विचारलं, खेळ कसा वाटला? म्हणाल्या, “लई वंगाळ, तात्या. म्या डोळ्यावर हातच धरला. बोटाच्या फटीतनं दोनदा बगितला.” हसू नका. आपण सगळ्यांनी तो तसाच पाहिला आहे.

बापूसाहेबांनी आत्ताच उत्तर दिलं, की कीर्तनात कंसवध चालतो, पोवाड्यात रक्ताचे पाट वाहतात, मग पडद्यावरच का नको? मला पटलं. हेडमास्तरांचंही पटतं. दोन्ही बाजूंचं पटल्याशिवाय आमच्या धंद्यात सौदा होत नाही. पण मंडळी, खेळ बघणाऱ्याचं काय होतं, यावर आपण महिनाभर घसा कोरडा केला. त्या खेळात जो दिसला, त्याचं काय झालं, हे कुणी विचारलं का?

परगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. पडद्यावरचा तो दरोडेखोर म्हणजे निमगावचा भिमा. जागल्या. आबासाहेबांच्या मोसंबीच्या बागेची राखण त्याच्या बापापासून त्याच्या घरात. ज्या जमातींना सरकारनं जन्मतःच गुन्हेगार ठरवून रोज रात्री चावडीत हजेरी लावली आहे, त्यातला हा माणूस. पण ‘भिमाची हमी मी घेतो’ असं आबासाहेब एकदा म्हणाले आणि त्याची हजेरी माफ झाली. आबासाहेब, त्या दिवशी मला आपला अभिमान वाटला होता.

गेल्या साली बापूसाहेब आपली मंडळी घेऊन निमगावच्या माळावर आले. भिमाचा चेहरा त्यांना आवडला. दरोडेखोराला दुसरंच काही नाव ठरलं होतं, पण त्या नावानं हाक मारली की हा वळेचना! शेवटी बापूसाहेब म्हणाले, “भिमाच म्हणा त्याला.” झालं. माणूस तोच, माळ तोच, पागोटं त्याचं, कुऱ्हाड त्याची आणि नावही त्याचंच. तंबूत पहिल्याच खेळाला निमगावहून आलेल्या बायका ओरडल्या, “आगं बया, ह्यो तर आपला भिमा!”

भिमाही वाळूवर बसला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या आडतीत आला. तोंड उतरलेलं.

“तात्या, म्या त्या बाईला बगितलं बी न्हाय.”

“मग कुऱ्हाड कुणावर चालवलीस?”

“बाभळीच्या बुंध्यावर. सायब म्हनलं जोरात घाल, म्या घातली. बाई कवा आली, कुठनं आली, द्येवाला ठावं.”

बापूसाहेब, हे कसं होतं ते आपण मला काल समजावून सांगितलंत. बाईचं चित्र पुढं कोल्हापुरात घेतलं आणि दोन फिती एकमेकींना चिकटवल्या. आपल्या धंद्यातली ही रोजची कारागिरी, त्यात कपट नाही. पण लोकांना ते कसं कळावं? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, डोळ्यांनी पाहा, असं आपणच पोरांना शिकवतो ना? लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आबासाहेबांच्या घरच्या बायकांना रात्री झोप लागेना. दारात कुऱ्हाड घेऊन तोच माणूस! त्यांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. आबासाहेबांनी भिमाला राखणीवरून काढलं. त्यांची हमी गेली, तशी फौजदारसाहेबांनी हजेरी पुन्हा सुरू केली. आता भिमा रोज चावडीत निजतो, आणि पोरं लांबून ओरडतात, “भिमा, आज कुनाला मारलं?”

बापूसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. म्हणून त्यांनी त्याला नव्या बोलपटात काम देऊ केलं आहे. काम कसलं? खुन्याचं. त्या चेहऱ्याला दुसरं काम कोण देणार? उद्या सकाळच्या गाडीनं भिमा त्यांच्याबरोबर निघायचा आहे. फौजदारांची परवानगीही काढली आहे.

आज दुपारी त्याची बायको सिंधुबाई माझ्याकडं आली. म्हणाली, “तात्या, पैल्या खेळानं राखन ग्येली, दुसऱ्यानं गाव जाईल. त्यास्नी जाऊ नगा म्हना.” मी काय म्हणू? इथं राहून खाईल काय?

मंडळी, मला राग येतो. कुणाचा येतो ते सांगता येत नाही, म्हणून जास्तच येतो. दिग्दर्शकांनी लबाडी केली नाही, बायका उगाच घाबरल्या नाहीत, फौजदारांनी कायदाच चालवला. आणि आपण या सगळ्या खऱ्या माणसांनी मिळून एक खोटा खुनी तयार केला. हेडमास्तर, खेळ बंद करून हे निस्तरत नाही. बापूसाहेब, दुसरा खेळ काढूनही निस्तरत नाही.

फार बोललो. शालीच्या समारंभात इतकं बोलू नये, हे मला कळतं. बापूसाहेबांची कला मोठी आहे आणि ती आणखी मोठी होवो, ही मनापासून सदिच्छा. आपण शांतपणे ऐकलंत, वाचनालयानं उभं राहू दिलं, याबद्दल आभार. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. शेवटी वक्त्यानं माफी मागावी आणि सभेनं ती देऊन टाकावी, ही आपली रीतच आहे. माझं चुकलं असेल, म्हणून मला ती मागता येते. भिमाला तीही मागता येत नाही, कारण त्यानं काही केलेलंच नाही. तो मागं खांबाशी बसला आहे.

यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. आबासाहेब, एका शब्दावर आपण त्याची हजेरी सोडवली होती. उद्या सकाळी त्यानं गाडीवर जायचं की बागेत, ते आपण सांगावं.