कोबीच्या पिंपातला घोडेस्वार

बल्गेरियातल्या काझानलाकच्या संग्रहालयात सकाळचे ऊन उंबरठा ओलांडून फरशीवर आले, तिथे बराच वेळ रेंगाळले, आणि मग बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या वृद्ध जोडप्याच्या मांडीवरील संगमरवरी शिळेवर अलगद विसावले. शिळेवर तिथल्या प्राचीन थ्रेसियन लोकांचा घोडेस्वार कोरलेला होता; ती संग्रहालयाला द्यायला दोघं आले होते.

"आत गेल्यावर खरं सांगा," म्हातारी म्हणाली. "हा आंबवलेल्या कोबीवर दाब म्हणून ठेवायचो."

"झ्लात्का, कोबीचं नाव काढू नकोस! बाबांना नांगरताना सापडला, एवढंच सांगायचं. पाटीवर त्यांचं नाव लागेल."

"आणि हा आंबट वास?"

"कालच धुतलाय."

"कशानं?"

"व्हिनेगरनं."

"अहो, आंबटानं संगमरवर झिजतो! नातू घसा फोडून सांगत होता."

"घोडा बघ की, कसा टवटवीत आहे!"

"वरच्या माणसाला तोंड कुठंय?"

"मुळातच नव्हतं. दोन हजार वर्षांचा आहे तो."

"दरवर्षी कोरलेली बाजू खाली करून खाऱ्या पाण्यात बुडवायचात तुम्ही. मी लग्न होऊन आले, तेव्हा तो हसत होता. सासूबाईंना मी विचारलंसुद्धा, हा कोण म्हणून."

आतून त्यांना हाक आली. म्हातारा उठला नाही.

"होतं तोंड. गेल्या हिवाळ्यात पिंपात ठेवला, तेव्हाही थोडंसं हसू उरलं होतं."