नोंदीप्रमाणे उजाड

समारंभाचे अध्यक्ष माननीय बाबारावजी, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सदाशिवराव, सौ. विमलताई आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही सदाशिवरावांना नियमाचा माणूस म्हटलं. खरंच आहे ते. तालुक्याच्या या कचेरीत एकवीस वर्षं हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून यांनी कुणाचा कपभर चहा फुकट घेतला नाही. विमलताई, घरी आणलेल्या भाजीलाही हे आवक क्रमांक घालत होते की काय, ते तुम्हीच सांगा. हसा, हसा. मला मात्र आज हसू येत नाही.

एकसष्टची शिरगणती आठवते ना? मी मास्तर, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. घाटंजीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला बंजारा लोकांचा एक तांडा आहे. माझ्या यादीत नाव होतं, 'धावजी नाईकाचा तांडा'. जाऊन विचारलं, तर लोक म्हणाले, "नाही मास्तर, हा किसनसिंगचा तांडा हाय." तांड्याचा प्रमुख तो नाईक. धावजी नाईक वारले होते, त्यांचा मुलगा किसनसिंग आता नाईक झाला होता. नाईक बदलला की तांड्याचं नाव बदलतं, ही त्यांची जुनी रीत. मला ठाऊक नव्हती, आणि मी शहाण्यानं विचारलंही नाही. धावजीच्या तांड्यापुढे लिहिलं, 'वस्ती नाही'. खाली नवीन नाव जोडलं, माणसं दोनशे चाळीस.

झालं! वरच्या कचेरीत म्हणे एक यंत्र आहे. खेळायच्या पत्त्यासारख्या जाड कागदाला भोकं पाडतात आणि त्या भोकांवरून यंत्र गाव ओळखतं. धावजीचा तांडा त्यानं उजाड ठरवला. किसनसिंगच्या तांड्याला जुना नंबरच नाही, म्हणून तो यंत्रात शिरलाच नाही. इकडे धावजीच्या तांड्याला शाळा मंजूर झाली होती. एक शिक्षक, एक फळा. उजाड गावाला शाळा कशाला? रद्द!

किसनसिंग नाईक आणि मी या कचेरीत किती खेटे घातले, ते त्या बाकालाच विचारा. नाईक म्हणायचा, "साहेब, नाव बदललं, पण मानसं तं तेच हायत ना?" सदाशिवराव शांतपणे म्हणायचे, "नाईक, मला पटतं. पण दुरुस्ती आता पुढच्या शिरगणतीत." म्हणजे एकाहत्तर साली! तोवर पोरांनी वाढायचं थांबवायचं का हो?

शेवटी तांड्याची पंचायत बसली. धावजींची म्हातारी, मानीबाई, मुलाला म्हणाली, "तुह्या बापाचंच नाव राहू दे. पोरं तं शिकतीन." किसनसिंगनं मान्य केलं. जिवंत नाईकानं आपलं नाव सोडायचं, ही त्या लोकांत लहान गोष्ट नाही. आम्ही धावजीच्या तांड्याच्या नावानं अर्ज घेऊन आलो. त्यावर शेरा पडला, 'सदर तांडा नोंदीप्रमाणे उजाड आहे. अर्जदार तेथील रहिवासी असू शकत नाहीत.'

सदाशिवराव, रागावू नका. तुम्ही लाचखोर असता तर आम्ही वर्गणी काढली असती आणि शाळा कधीच उभी राहिली असती. तुमच्या सचोटीपुढे आमचा इलाज चालला नाही. गावाची समक्ष पाहणी करून दोन्ही नावं एकाच वस्तीची, असा दाखला तुम्ही देऊ शकत होता. नियमात तेही आहे. सहा वर्षांत तुम्ही तांड्यावर एकदाही गेला नाहीत, आणि मी तुम्हाला हात धरून नेलं नाही.

आज सहा वाजेपर्यंत तुम्ही नोकरीत आहात. बाहेर जीप उभी आहे. दाखल्याचा कागद माझ्या खिशात आहे. तांडा सात मैल आहे, आणि आत्ता चार वाजलेत.

माझं भाषण लांबलं, तरी आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाची माफी मागायची रीत आहे. पण माझी खरी चूक सभागृहापाशी झालेली नाही. दाराशी मानीबाईजवळ तिची नात बसली आहे, जमनी. मी शिरगणतीला गेलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळा कधी येणार, म्हणून तिनं मला विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी. येत्या सोमवारी तिचं लग्न आहे.

जमनी, बाई, मला माफ कर.