अकरा वेळा आडवा

ऑर्व्हिल: पडला! दहा झाले, लेलंड, दहा! अजून दोनदा आडवा होऊ दे टीव्हीतल्या ह्या पोराला, की तुझा विक्रम गेला चुलीत.

लेलंड: ओरडू नको. पोरगं अजून उठलेलं नाही.

ऑर्व्हिल: उठेल. तू नाही का उठलास, अकराच्या अकरा वेळा.

मॅक्सीन: ऑर्व्हिल, सोफ्यावर बियर सांडलीस तर पुढचा आडवा तू. आपलीच टीम हरतेय आणि हा टाळ्या पिटतोय!

ऑर्व्हिल: टीम गेली खड्ड्यात. अगं, छत्तीस वर्षं झाली. दर हिवाळ्यात टीव्हीवाले त्या सामन्याची फिल्म दाखवतात. आपल्या टीमचा सगळ्यात जास्त वेळा चेंडू फेकायच्या आधीच लोळवलेला क्वार्टरबॅक, लेलंड ह्रुस्का. एका सामन्यात अकरा वेळा. नाव तुझ्या नवऱ्याचं. पण फिल्ममध्ये त्याच्यापुढं उताणा पडलेला बैल कोण?

मॅक्सीन: तू.

ऑर्व्हिल: मी! अकरातल्या सात वेळा समोरचे माझ्या बाजूनं घुसले. ह्याची डावी बाजू राखायची, तेवढंच काम होतं माझं. परवा नात शाळेतून येऊन विचारते, आजोबा, तुम्ही त्या काकांना अडवलं का नाही?

लेलंड: काय सांगितलंस?

ऑर्व्हिल: म्हणलं, बर्फ होतं.

लेलंड: बर्फ त्या काकांच्या पायाखाली पण होतं.

ऑर्व्हिल: तेच म्हणाली कारटी. ए, बघ, बघ! गेला! अकरा!

मॅक्सीन: अरे देवा. परत डावीकडूनच आला.

ऑर्व्हिल: तुझ्याशी बरोबरी झाली. आठ सेकंदं उरलीत. एक डाव होईल. एकदाच, पोरा. एकदा पड, आणि ह्या म्हाताऱ्याला सोडव.

लेलंड: लागलंय रे त्याला. मला नाही बघवत. राहू दे की विक्रम माझ्याकडं, मी काही मागतोय का?

ऑर्व्हिल: तुला काय, तुला लोक बियर पाजतात. मला विचारतात, झोपला होतास का.

मॅक्सीन: टाइम-आउट घेतला आपल्यांनी, खेळ थांबला. लेलंड, ते बघ, क्वार्टरबॅक काय करतोय? डावीकडच्या त्या दांडग्याला हेल्मेटचा पट्टा लावून देतोय. एवढा धटिंगण आणि पट्टा लावता येत नाही?

लेलंड: हं.

मॅक्सीन: ऑर्व्हिल? अरे, बियर का खाली ठेवलीस?

ऑर्व्हिल: हात मोडलाय त्याचा. बघ, पोटाशी धरलाय कसा.

मॅक्सीन: तुला काय ठाऊक?

ऑर्व्हिल: माझा पण मोडला होता. त्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत. कुणाला बोललो नाही. कोचला कळलं असतं तर बाहेर बसवलं असतं, आणि माझ्या जागेवर तो टेक्सासचा रेडा टपलेलाच होता. बायकोला, इर्माला, सातवा महिना होता. लेलंडला म्हणलं, बोटं गारठलीत, जरा पट्टा लाव.

लेलंड: गारठलेली बोटं सुजत नाहीत, ऑर्व्ह.

ऑर्व्हिल: म्हणजे?

लेलंड: अंगठा वांग्यासारखा झाला होता तुझा. दिसत होतं मला.

ऑर्व्हिल: तेव्हाच? किती वेळा पडला होतास तोवर?

लेलंड: दोनदा.

ऑर्व्हिल: मग पुढचे नऊ...

मॅक्सीन: लेलंड ह्रुस्का! आज सकाळीसुद्धा तुझे मोजे मी चढवले. वाकता येत नाही तुला! आणि मला काय सांगितलंस इतकी वर्षं? ऑर्व्हिलचा दिवस वाईट होता म्हणून!

लेलंड: होताच की वाईट.

ऑर्व्हिल: गाढवा, कोचला सांगायचं ना!

लेलंड: सांगणार होतो. तेवढ्यात तू येऊन परत माझ्या डाव्या बाजूला उभा राहिलास. म्हणलं, राहू दे.

मॅक्सीन: उभे राहिले बघा. शेवटचा डाव.

ऑर्व्हिल: ए पोरा, हात नको घालू! खांदा! खांदा घाल, खांद्यानं रेट! रेट त्याला, हां, अजून... सोडू नको, मेल्या, सोडू नको!

मॅक्सीन: टाकला! चेंडू टाकला! उभा आहे पोरगा!

लेलंड: कुणाच्याच हाताला लागला नाही. हरलो आपण.

मॅक्सीन: हरलो तर हरलो. उभा आहे ना!

लेलंड: अकरावर थांबला. ऑर्व्ह, तुझी फिल्म चालूच राहणार बघ.

ऑर्व्हिल: राहू दे. तुझा फोन आण. क्लबचा नंबर आहे ना तुझ्याकडं?

लेलंड: कशाला?

ऑर्व्हिल: त्या पोराचा हात आजच्या आज बघा म्हणून सांगतो. तो स्वतः तोंड उघडणार नाही. माझा अंगठा अजून वळत नाही.

मॅक्सीन: तुझं कोण ऐकणार तिथं?

लेलंड: माझं नाव सांग.

ऑर्व्हिल: (फोन कानाला लावून) हॅलो. हां, ऐका जरा. मी लेलंड ह्रुस्काचा माणूस बोलतोय. डाव्या बाजूचा.