टेबलाची नवी फळी

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, रेल्वेची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या या मंडळाचे सर्व सभासद, आणि त्यांच्या घरून आलेल्या, माझ्यासारख्याच सोशिक मंडळींनो,

ज्यांना तुम्ही सगळे फोरमन म्हणता, त्यांची मी बायको. माझा धंदा शिवणकामाचा, भाषणाचा नव्हे. तेव्हा एखादा टाका सुटला तर सांभाळून घ्या.

आत्ता तिघांनी सांगितलं की, बावीस वर्षांत या वर्कशॉपमध्ये कोणाच्या डोळ्याला इजा झाली नाही, ती फोरमनच्या शिस्तीमुळे. खरं आहे. चष्मा लावल्याशिवाय सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून तारा जोडणं, नाही, खिडकी उघडल्याशिवाय नाही, साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचं नाही. तुम्ही हे दर रविवारी ऐकलंत. मी रोज ऐकते. गरम सोल्डरिंग आयर्न हातातून निसटलं तर झेलायला जायचं नाही, दोन्ही हात वर करून मागे सरायचं, हे यांनीच शिकवलं ना तुम्हाला? माझ्या आईने दिलेली काचेची बरणी एकदा यांच्या हातून निसटली. गृहस्थ हात वर करून मागे सरले आणि ती फुटेपर्यंत शांतपणे बघत राहिले. वर मला म्हणतात, "बघ, सवय लागली की अशी लागते." आता अशा माणसाला काय बोलायचं?

असो. राजीनाम्यात यांनी गुडघ्यांचं कारण दिलंय. अध्यक्षमहाराज, यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. अहो, माझ्याकडे असं बघू नका. कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं मी, कबूल आहे. पण तेव्हा तुम्ही मंडळच सोडाल असं वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. पहिला घास तोंडात, आणि हे ताटावरून उठले ते तडक वर्कशॉपकडे. मीही मागोमाग गेले. बघते तर बटण चालू, आणि सोल्डरिंग आयर्न स्टँडमध्ये नाही, टेबलावर आडवं पडलेलं. खालची फळी वीतभर काळी झालेली, धूर निघतोय. आणखी अर्धा तास गेला असता तर तुमची स्टेशनं, बोगदे, पूल, सगळ्याची राख झाली असती. त्या दिवशी शेवटी बाहेर पडून कुलूप लावणारे हेच होते.

त्याच दुपारी यांनी नवी फळी कापून बसवली. पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "वा फोरमन, टेबल नवं केलंत!" टाळ्याही वाजवल्यात. हे घरी आले आणि जेवलेच नाहीत. म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं असतं, तर मी त्याला पुन्हा टेबलापाशी उभं केलं असतं का? मग मला वेगळा न्याय कशाला?"

हत्यारांची पेटी कपाटावर गेली आणि हे खुर्चीत बसले. तीन आठवडे. विचारलं तर हं, नाहीतर तेही नाही. मला भीती वाटायला लागली. आगीची नाही, त्या खुर्चीची. हा माणूस तिथे बसल्याबसल्या वाळून जाईल असं वाटलं, आणि ते मला चालणार नव्हतं.

मग मीच पेटी खाली काढली. चष्मा लावला, खिडकी उघडली आणि रुळाच्या तुकड्याला तार जोडायला बसले. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलाय, म्हटलं यात काय एवढं? कसलं काय, सोल्डरचे नुसते गोळे झाले. मळकट, बोटाने ओढले की निघून येणारे. चौथ्या गोळ्याला यांना राहवलं नाही. "अगं, सोल्डर कसलं टोकावर वितळवतेस? आधी रूळ आणि तार तापव, मग त्यांना सोल्डर लाव." तीन आठवड्यांतलं यांचं पहिलं सलग बोलणं. मला इतकं बरं वाटलं की पाचवा सांधा मी मुद्दाम बिघडवला.

आता माझे सांधे चकचकीत येतात. काल यांनी एक ओढून पाहिला, निघाला नाही. मग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

तर अध्यक्षमहाराज, सभासद होण्याचा माझा अर्ज आज सकाळी तुम्ही मंजूर केलात, त्याबद्दल मनापासून आभार. यांना हे आत्ताच कळतंय. मंडळाच्या नियमाप्रमाणे नव्या सभासदाशेजारी वर्षभर एक जाणता माणूस बसलाच पाहिजे, तो शेजारी नसेल तर नव्याने प्लगला हात लावायचा नाही. हा नियम कोणाच्या अक्षरात आहे, ते वेगळं सांगायला नको. त्या जाणत्या माणसाला पद किंवा सभासदत्व लागत नाही, तेही मी विचारून घेतलंय. मला दुसरं कोणी नको. अहो, वर्कशॉपची किल्ली परत केलीत ते बरोबरच केलंत. प्लग मी काढीन, दोनदा बघीन. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि ओरडा.

आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. यांनी आज नाही घातलं तरी चालेल. रविवारी सकाळी नऊला माझ्याबरोबर निघायचंय, तोवर राग उतरेल.