नक्कल घेण्याआधी

—ती फ्लॉपी जरा खाली ठिवा, इंजिनियर साहेब. आधी चहा घ्या. वळखलं न्हाय व्हय? म्या बलभीम, ह्याच कारखान्याच्या शेतकी खात्यातला. कुणाचा ऊस कवा तोडायचा, त्याच्या चिठ्ठ्या वाटतो. तर काल तुमी म्हणलाव — नवी सिस्टिम टाकताना डिस्कचं ते बूट रेकॉर्ड पुसलं जाऊ शकतंय, म्हणून आधी त्याची नक्कल फ्लॉपीवर घ्यायची. बरुबर? आन् नक्कल नसली तर? आपला माल कुठं ठिवलाय, ते यंत्राला उमगत न्हाय. पर माल जाग्यावरच ऱ्हातोय न्हवं. तुमी पुण्याहून पुन्यांदा येऊन नीट करताव. मग एक डाव न्हाय घेतली नक्कल, तर काय बिघडतंय? इसरलो म्हणायचं. माणूस इसरतोय.

असं बघू नका. माझा कसला आलाय सवार्थ? यंत्र बंद पडलं की तोडणीची पाळी हातानं लावावी लागंल, पहिल्यासारखी — म्हंजी म्याच लावणार. यंत्र नुसती लागणीची तारीख बघतंय. विहीर आटली, ऊस उभ्या जागी वाळाय लागला, हे त्याला कोण सांगणार? नळदुर्गाकडं एका बाईचा फड हाय, बघवत न्हाय. चांगुणा — बहीण हाय माझी. घ्या, सांगून बसलो. रोज गेटपाशी येऊन बसती. काय मागत न्हाय, नुसती बसती — आन् म्या मागल्या दारानं जेवाय जातो. लई लाज वाटती, साहेब.

काय? उद्या कुणाची पाळी? यंत्रात व्हय... इरम्माची. लोहाऱ्याकडची, एकटी बाई. व्हय, तिचीबी विहीर आटलीय. न्हाय, कारखान्यात तिचं कुणी न्हाय. पाळी माझ्या हातात व्हती तवा दर साली तिचा ऊस शेवटाला जायचा. म्या मुद्दाम न्हाय हो केलं — तिच्यासाठी सांगाय कुणी येत नव्हतं, एवढंच. माझ्यासारखं येऊन असं बसाय... औंदा पहिल्यांदाच तिचा ऊस वक्ताला...

चहा निवला तुमचा. ऱ्हाऊ द्या.

घ्या ती नक्कल. घ्या म्हणतो न्हवं. म्या जातो, चांगुणाला सांगाय पायजे. आन् आतनं कडी लावून घ्या — म्या परत आलो तरी उघडू नका.