हवा आहे अजून आत

...आणि वर मलाच विचारतात, मातीला पाणी पाजायला इतके दिवस लागतात का म्हणून! अहो, लागतात! तुम्हाला सांगतो, सख्ख्या मेहुण्याच्या घरामागची टेकडी तडकलीय, पावसाळा तोंडावर आलाय, खाली घरात तो, त्याची बायको, दोन चिमुरड्या मुली... राहायचं की निघायचं, हे सांगायचं कुणी? मी! का? तर मातीची प्रयोगशाळा माझ्याकडे, आणि बहीण त्याची माझ्या घरात!

आता अर्धवट भिजलेली माती असते महालबाड. ऐटीत उभी राहते, मी भक्कम म्हणते. तिचं खरं रूप बघायचं तर शेवटच्या छिद्रापर्यंत पाणी भरावं लागतं. म्हणून टेकडीतून काढून आणलेला मातीचा दंडगोल रबरी पिशवीत घालायचा, बंद नळकांड्यात उभा करायचा, उकळून हवा काढलेलं पाणी खालून हळूहळू चढवायचं, मग त्या पाण्यावर दाब वाढवत न्यायचा, म्हणजे उरलीसुरली चुकार हवा त्यात विरघळते. शेवटी बाहेरून दाबून बघायचं. आतल्या पाण्याचा दाब जवळजवळ तेवढाच वाढला तर भरली. नाही वाढला तर... हवा आहे अजून आत!

मेहुणा रोज स्टुलावर हजर. डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसा दाबाच्या काट्याकडे बघत. झालं का भाऊजी? म्हटलं, हवा आहे अजून आत. थोडीशीच ना, मग करा की चाचणी सुरू, टेकडी तशी चांगली आहे... घरी बायको जेवताना माझ्याकडे नुसती बघायची. घास उतरेल का सांगा?

आणि एके दिवशी, भरत आलेली माती मागे फिरली! काटा खाली! नळ्या बघितल्या, रबर बघितलं, सगळं ठीक... मला घाम फुटला. तेवढ्यात स्वारी खुशीत म्हणते, "भाऊजी, तुमचं उकळलेलं पाणी फार गरम होतं. मी या भांड्यातून त्या भांड्यात, चांगलं उंचावरून ओतून गार करून ठेवलं." चहासारखं! जी हवा काढायला मी ते तासन्‌तास उकळलं, ती यानं प्रेमानं परत कालवली! आणि मी आंधळ्यासारखं तेच चढवलं! रागावणार कुणावर? पुन्हा पाणी, पुन्हा दाब, बाहेर आभाळ काळं, आणि... हवा आहे अजून आत!

शेवटी भरली एकदाची. वरून भार दिला. माती फार वेळ उभी राहिलीच नाही, मधूनच तिरकी घसरली. मेहुणा स्टुलावरून उठला. मग हळूच म्हणाला, "मुलींना कुठे झोपवू?"

म्हटलं, आमच्याकडे. आजच.

तेव्हापासून आहेत. मुली खुशाल आहेत, तेवढं पुरे. पण येईल त्या पाहुण्याला हा सांगतो, टेकडी चांगली आहे हो, भाऊजींचं पाणी खराब होतं. मी पाहुण्याला चहा देतो. वाद कशाला घालू? सकाळी आंघोळीला त्याच्यानंतर माझा नंबर असतो, आणि गरम पाणी त्याच्या हातात!