सर्वांत कमी दराची लाइफ जॅकेटे

जबाब देणार: मंजुळा गुणाजी भोईर, वय ५२, धंदा मासळी विक्री, राहणार कोळीवाडा, बाळकुम, ठाणे.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. आमच्या मच्छीमार संस्थेच्या खरेदी समितीत मी आहे. मयत दिपेश हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा असून तो खाडीत होडी घेऊन मासेमारी करीत असे.

सरकारी अनुदानातून लाइफ जॅकेटे घ्यायची असल्याने संस्थेने सीलबंद दर मागवले. मोहने येथील पुरवठादाराचा दर सर्वांत कमी निघाला. माझ्या बहिणीचा मुलगा विनीत याचा दर जास्त होता, पण त्याने नमुना पाठवला होता. मोहनेवाल्याने नुसता फोटो पाठवला. त्याच्याकडूनही नमुना मागवून पाण्यात टाकून बघू, असे काही सभासद म्हणाले.

मी विरोध केला. आदल्या वर्षी संस्थेला बर्फ पुरवण्याचे काम माझ्या जावयाला मिळाले, तेव्हा कोळीवाडा मला नाही नाही ते बोलला. काम चोख होते, तरी बोलला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आता भाच्यासाठी खोडा घालते म्हणतील, या भीतीने मी भर सभेत सांगितले की नियमात कमी दर आहे, तोच घ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरे वाटले, हेही लिहून घ्यावे.

जॅकेटे आली, दिसायला झकास होती. घालायला मात्र कोणी तयार होईना, कारण आमची पोरे चालण्याआधी पोहतात. अनुदान वाया गेले असा शेरा येऊ नये म्हणून, जॅकेटाशिवाय होडी सोडायची नाही, असा ठराव मीच मांडला.

गेल्या मंगळवारी दिपेशची होडी वाऱ्याने उलटली. सोबतच्या कान्हाने जॅकेट नुसते खांद्यावर टाकले होते. ते फेकून तो पोहत किनाऱ्याला लागला. दिपेश बुडाला. त्याला बाहेर काढले तेव्हा जॅकेट ओल्या गोधडीसारखे जड झाले होते. आतला फोम पाणी पितो हे तेव्हा कळले.

माझी जाऊ शीला, दिपेशची आई, माझ्याशी बोलत नाही. तिचे रडणे भिंतीपलीकडून ऐकू येते आणि मला तिकडे जाववत नाही. मोहनेवाल्याविरुद्ध माझी तक्रार आहे. त्याला सोडू नये.

त्या सकाळी मी जेट्टीवर होते. दिपेशने जॅकेट होडीत टाकून दिले होते. "काकी, मना पोवता येतं," असे तो हसत म्हणाला. मी ते त्याच्या अंगात घातले आणि पट्टे आवळून गाठ मारली.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. गाठीचे वाक्य गाळायचे का, असे साहेबांनी विचारले. राहू द्या, असे मी सांगितले.